जनरल रजिस्टर ते डेटाबेस : मुलांची नोंद नेमकी कोण सांभाळतं?



जून महिना आला की प्रवेशाच्या टेबलावर एक प्रश्न हमखास येतो. "बाई, सगळं ऑनलाइन आहे ना? मग पुन्हा कागद कशाला मागता?" आमच्या साकीनाक्याच्या भागात हा प्रश्न जरा जास्तच ऐकू येतो. इथं कुणाचं गाव जौनपूर, कुणाचं बीड, कुणाचं नेपाळात. भाड्याची खोली बदलते, कारखान्यातलं काम सुटतं, आणि मूल या शाळेतून त्या शाळेत जातं. दप्तर, गणवेश, मित्र सगळं बदलतं. त्याच्याबरोबर सगळीकडे जाते ती फक्त त्याची नोंद : नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, आधीची इयत्ता. ती नोंद चुकली किंवा हरवली तर पुढे दहावीच्या फॉर्मला, जातपडताळणीला त्या घराला किती फेऱ्या माराव्या लागतात ते आपण सगळेच बघतो.

मग "ऑनलाइन आहे" म्हणजे नक्की कुठे आहे? कुणाच्या ताब्यात आहे? ती जागा रोज झाडून-पुसून कोण ठेवतं? हे आपण मुलांना संगणकाच्या तासाला सांगत नाही. मुलांना आपण चित्र रंगवायला देतो आणि तास संपतो. पण डेटाबेस ही गोष्ट शिक्षकाला समजायला मुळीच अवघड नाही, कारण आपण ती वर्षानुवर्षे हाताने करत आलो आहोत.

जनरल रजिस्टर डोळ्यांसमोर आणा. मूल शाळेत आलं की त्याला एक रजिस्टर क्रमांक मिळतो. तो क्रमांक दुसऱ्या कुणालाही मिळत नाही, मूल शाळा सोडून गेलं तरी नाही. आता हजेरी, निकालपत्रक, पोषण आहार, शिष्यवृत्ती या सगळ्या कागदांवर आपण मुलाची पूर्ण माहिती पुन्हा पुन्हा लिहितो का? लिहू नये. फक्त रजिस्टर क्रमांक लिहिला की पुरे. वडिलांचा फोन नंबर बदलला तर तो एकाच ठिकाणी बदलायचा. पाच ठिकाणी लिहून ठेवला असेल तर चार ठिकाणी बदलतो आणि पाचव्या ठिकाणी जुना राहतो, हा अनुभव कोणत्या वर्गशिक्षकाला नाही?

हीच कल्पना एडगर कॉड या संशोधकाने १९७० साली एका शोधनिबंधात मांडली. ते आयबीएम कंपनीत काम करत होते. सगळी माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवा, प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख द्या, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध त्या ओळखीवरूनच जोडा. अशा डेटाबेसला रिलेशनल म्हणजे संबंधांवर आधारलेला डेटाबेस म्हणतात. आपला रजिस्टर क्रमांक म्हणजे तिथली 'प्रायमरी की'. एवढं कळलं की अर्धा विषय कळला, असं मी तरी मानते.

दुसरी एक गोष्ट याच्या जोडीला हवी. मूल शाळा सोडून जातं तेव्हा आपण तीन कामं करतो : दाखला लिहितो, जनरल रजिस्टरमध्ये सोडल्याची तारीख टाकतो, पटावरून नाव कमी करतो. दोन झाली आणि तेवढ्यात घंटा झाली तर? मूल दाखला घेऊन गेलेलं असतं आणि पटावर मात्र हजर दिसतं. चांगला डेटाबेस असं अर्धवट काम स्वीकारत नाही. तिन्ही नोंदी एकदम पक्क्या होतात किंवा एकही होत नाही. मध्येच वीज गेली तरी हाच नियम. याला ट्रान्झॅक्शन म्हणतात.

आता हे सॉफ्टवेअर बनवतं कोण? काही कंपन्या ते भरपूर पैसे घेऊन विकतात. पण जगात सर्वात जास्त वापरले जाणारे काही डेटाबेस 'ओपन सोर्स' आहेत. म्हणजे त्यांचा मूळ मजकूर, ज्याला कोड म्हणतात, कुणालाही वाचता येतो, वापरता येतो, सुधारता येतो. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनसुद्धा घ्या. त्यात एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस असतोच. तो २००० साली रिचर्ड हिप यांनी सुरू केला आणि त्यावर कुणाचाही मालकी हक्क ठेवलेला नाही. तुम्ही वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला गृहपाठ फोनात त्याच्यातच साठतो.

मायएसक्यूएलची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे. १९९५ मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या कंपनीने हा डेटाबेस आणला. त्याचे एक कर्ते मोंटी विडेनियस. 'माय' हे त्यांच्या मोठ्या मुलीचं नाव. (आपल्याकडे माय म्हणजे आई, तिकडे लेक!) २००८ मध्ये ही कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली, आणि २०१० मध्ये सनलाच ओरॅकलने घेतलं. ओरॅकल स्वतः पैसे घेऊन डेटाबेस विकणारी कंपनी. मोफत डेटाबेस आता तिच्या हातात गेल्यावर पुढे काय, अशी शंका लोकांना आली. विडेनियस यांनी वाट बघितली नाही. कोड खुला होता, परवाना तशी मुभा देत होता, म्हणून २००९ मध्येच त्यांनी त्याची दुसरी शाखा काढली आणि तिला धाकट्या मुलीचं नाव दिलं, मारियाडीबी. पुढे २०१३ मध्ये विकिपीडियाने आपला सगळा साठा मायएसक्यूएलवरून मारियाडीबीवर नेला. आपला मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्याचे लेखही आता तिथेच राहतात. वर्डप्रेसवर चालणारे शिक्षकांचे ब्लॉगही या दोघांपैकी एकावर चालतात.

मालक बदलला तरी कोड कुणाला कुलूपबंद करता येत नाही, हा ओपन सोर्सचा खरा अर्थ. 'फुकट मिळतं' हा त्याचा छोटा भाग आहे. पण आपल्याकडे 'फुकट' हाच शब्द लक्षात राहतो आणि पुढची गडबड तिथूनच सुरू होते.

पोस्टग्रेसक्यूएल हा तिसरा डेटाबेस, आणि माझ्या मते समजून घ्यायला सर्वात चांगला. त्याचा जन्म अमेरिकेत बर्कले विद्यापीठात झाला. १९८६ मध्ये मायकल स्टोनब्रेकर यांच्या गटाने काम सुरू केलं. विद्यापीठाचा प्रकल्प संपला, पण १९९६ पासून वेगवेगळ्या देशांतल्या स्वयंसेवकांनी तो हातात घेतला आणि आजही तो कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही. त्यातले बरेच जण आता कंपन्यांचे पगारदार आहेत, तरी निर्णय उघड चर्चेतून होतात. कुणी सुधारणा सुचवली की ती सगळ्यांसमोर मांडायची, इतरांनी तपासायची, शंका काढायच्या, पुन्हा लिहून आणायची. वही तपासून 'पुन्हा लिही' असा शेरा देणारे तिथे भरपूर आहेत! काही सुधारणा आत यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. नवी मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. नव्या आवृत्तीबरोबर हातभार लावणाऱ्यांची नावं छापली जातात. त्यात भारतीय नावं पुष्कळ सापडतात.

हे सगळं लांब कुठेतरी घडतं असं समजू नका. साकीविहार रोडने पवई तलावाच्या दिशेने गेलं की पुढे आयआयटी मुंबई. तिथले प्रा. एस. सुदर्शन हे 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आहेत. सिल्बरशॅट्झ आणि कॉर्थ हे त्यांचे दोन सहकारी. अनेक देशांतले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी याच पुस्तकावरून डेटाबेस शिकतात, आणि त्याच्या आवृत्त्यांमध्ये पोस्टग्रेसक्यूएलवर स्वतंत्र प्रकरण आहे. पुण्यात तर पोस्टग्रेसक्यूएलवर काम करणारे अभियंते बरेच. त्यांच्यातल्या एकाच्या कामाबद्दल सविस्तर सांगते, कारण डेटाबेसची निगा म्हणजे काय ते त्यावरून नीट कळतं.

जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही. चूक दुरुस्त करायची तर जुन्या नोंदीवर लाल शाईने रेघ मारायची, नवी नोंद लिहायची आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. पोस्टग्रेसक्यूएल जवळजवळ तसंच करतो. एखादी ओळ बदलली की तो जुनी ओळ पुसत नाही, बदललेली ओळ नव्याने लिहितो. का? कारण त्याच क्षणी दुसरं कुणीतरी जुनी ओळ वाचत असू शकतं. तुम्ही निकाल छापत असताना कुणी गुण बदलू लागलं तर तुमचा छापील कागद अर्धा जुना, अर्धा नवा व्हायला नको. म्हणून तुम्हाला शेवटपर्यंत एकच चित्र दिसतं.

पण याची किंमत आहे. जुन्या ओळी साचत जातात. आपल्या रजिस्टरमध्ये त्या कायम ठेवायच्या असतात, डेटाबेसला मात्र कुणीच वाचत नसलेली ओळ नको असते. ती जागा मोकळी करण्याच्या कामाला 'व्हॅक्यूम' म्हणतात, म्हणजे झाडूच. झाडू वेळेवर फिरला नाही तर दहा पानांचा मजकूर शंभर पानांत पसरतो आणि शोधायला वेळ लागतो. "सर्व्हर स्लो आहे" असं आपण म्हणतो तेव्हा कधीकधी कारण एवढंच असतं.

यातच आणखी एक अडचण होती. समजा, रजिस्टरच्या शेवटी आपण नावांची सूची केली आहे : कोणतं नाव कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत. याला इंडेक्स म्हणतात. आता आरोहीच्या आईचा फोन नंबर बदलला. आरोहीचं नाव तेच आहे. तरीही ओळ नव्याने लिहिली, म्हणून सूचीतही नवी नोंद करावी लागायची. जन्मतारखेची सूची असेल तर तिथेही, आधारची असेल तर तिथेही. फोन नंबर एक आणि लिहिणं चार ठिकाणी.

पवन देवलासी या अभियंत्याने यावर जे काम केलं ते फेब्रुवारी २००८ मध्ये आलेल्या ८.३ या आवृत्तीत घेतलं गेलं. त्या सुधारणेला थोडक्यात 'हॉट' म्हणतात. कल्पना अशी : सूचीत असलेली माहिती बदललेली नसेल आणि नवी ओळ त्याच पानावर मावत असेल, तर सूचीला हात लावायचाच नाही. सूची जुन्या ओळीकडेच बोट दाखवते, आणि जुन्या ओळीपासून नव्या ओळीकडे जाणारा बाण असतो. शोधणारा तिथे पोहोचतो आणि बाणामागे जातो. शिवाय त्या पानावरच्या निरुपयोगी ओळी जाता जाता तिथल्या तिथे आवरता येतात, मोठ्या झाडूची वाट बघावी लागत नाही. ऐकायला किती सोपं! पण लाखो लोक एकाच वेळी लिहीत-वाचत असताना एकाचंही उत्तर चुकू नये अशा रीतीने ते बसवणं फार अवघड. म्हणूनच त्यावर पुष्कळ चर्चा झाली, आणि त्या आवृत्तीच्या माहितीत देवलासी यांच्या नावाशेजारी 'इतर अनेकांच्या कल्पनांसह' अशा अर्थाची नोंद आहे. गटकार्याचे गुण कसे लिहावेत याचा हा चांगला नमुना!

सूचीचा विषय निघालाच आहे तर मराठीच्या शिक्षकांसाठी एक मुद्दा. आपल्या वर्णमालेत 'ळ' कुठे येतो? 'ह'च्या नंतर. म्हणजे हजेरीत कावळे, काशीद, कासार आणि मग काळे असा क्रम. पण संगणकात अक्षरांना जे क्रमांक दिले आहेत त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे आहे. नुसत्या क्रमांकाने लावलं तर काळे सगळ्यात आधी येतो. कोणत्या भाषेत कोणता क्रम, याचे नियम वेगळे ठेवलेले असतात आणि डेटाबेस ते वापरतो.

आता बघा काय होतं. सूचीत नाव शोधताना संगणक पहिल्यापासून वाचत नाही. आपण शब्दकोश मधोमध उघडतो आणि पुढे की मागे ते ठरवतो, तसंच तो करतो. सूची एका क्रमाने लावली आणि शोधणारा दुसरा क्रम धरून चालला तर? नाव सूचीत असूनही "सापडलं नाही" असं उत्तर येईल. त्याहून वाईट म्हणजे तेच मूल दुसऱ्यांदा नोंदवलं जाईल. हे काल्पनिक नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या एका मूळ घटकाची, ग्लिबसीची, २.२८ ही आवृत्ती आली आणि अनेक भाषांचे क्रमाचे नियम एकदम बदलले. ज्यांनी सर्व्हर अद्ययावत केले पण डेटाबेसच्या सूच्या पुन्हा बांधल्या नाहीत, त्यांच्या सूच्या बिघडल्या. डेटाबेसमध्ये कुणी काहीच केलं नव्हतं, त्याच्या खालची जमीन हलली होती.

मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात तेही याच घरातलं दुखणं. जुन्या मायएसक्यूएलमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर युरोपीय लिपीची मांडणी धरली जायची. तिच्यात देवनागरी मावत नाही, आणि एकदा प्रश्नचिन्ह साठलं की मूळ अक्षर परत येत नाही. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून हे बदललं, पण जुने तक्ते आपोआप बदलत नाहीत.

आता सर्वात महत्त्वाचं, बॅकअप.

२६ जुलै २००५ साकीनाक्याला कुणी विसरलेलं नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी वस्त्यांत शिरली, आणि इथे दरड कोसळून अनेक जीव गेले. माणसं वाचली त्या घरांतही ट्रंकेतले दाखले, रेशनकार्डं, गुणपत्रिका यांचा लगदा झाला. कागद एकाच जागी असेल तर त्याचं काय होतं हे या भागाला समजावून सांगायची गरज नाही.

मग संगणकावर ठेवलं की झालं? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत काय झालं ते ऐका. जगभरातले प्रोग्रामर आपला कोड ठेवतात अशी ही जागा, आणि तिचा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल. रात्री उशिरा काम करताना एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरचा साठा पुसण्याऐवजी मुख्य सर्व्हरवरचा पुसला. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, पण सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. बॅकअप होते का? कागदावर पाच प्रकारचे होते. रोज आपोआप होणारा बॅकअप बघितला तर जागा रिकामी! बॅकअप घेणारं साधन पोस्टग्रेसक्यूएल ९.२ चं होतं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते रोज अपयशी ठरत होतं. तसं कळवणारे ईमेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. शेवटी उपयोगी पडली ती सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेली प्रत. मधले सहा तास गेले ते गेलेच. कंपनीने मात्र काही लपवलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर काय काय चुकलं ते सविस्तर लिहून काढलं. म्हणून तर आज मी ते तुम्हाला सांगू शकते.

या प्रसंगात डेटाबेसचा दोष नव्हता. बॅकअप घेतला जातो आहे असं सगळ्यांना वाटत होतं, पण त्यातून माहिती परत काढून बघण्याचं काम ठरवून कुणाकडेच दिलेलं नव्हतं. आपल्या शाळांतही हेच आहे. 'कॉम्प्युटरचं काम' ज्या शिक्षकाला येतं त्याच्या गळ्यात सगळं पडतं. तो बदलून गेला की पासवर्डही जातो. सरल, यू-डायस प्लस अशा सरकारी पोर्टलची देखभाल आपल्या हातात नाही. पण शाळेने स्वतःसाठी घेतलेलं निकालाचं किंवा फीचं सॉफ्टवेअर, संस्थेची वेबसाइट, ग्रंथालयाची यादी, हे तर आपलंच आहे. ते बसवून देणाऱ्याला चार प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. आत कोणता डेटाबेस आहे आणि कोणती आवृत्ती? तिला अजून दुरुस्त्या मिळतात की मुदत संपली? बॅकअप कुठे जातो, त्याच संगणकावर की दुसरीकडे? आणि शेवटचा बॅकअप उघडून कधी बघितला? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस साधारणपणे गप्प होतो.

पालकांनीही एक करावं. मुलाचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख पोर्टलवर कशी लिहिली आहे ते वर्षातून एकदा शाळेत येऊन बघावं. डेटाबेस चुकीची नोंदही तितक्याच इमानाने जपतो. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती एका अर्जात होते, शाळा सोडल्यावर तीच फार किचकट होते.

शिक्षकांसाठी मी सुचवेन ते असं. दिवाळीच्या सुट्टीआधी एक शनिवार ठरवा. शाळेच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडायला लावा. पाचवी-सहावीची चार मुलं सोबत बसवा, त्यांना यात मजा येते आणि चुका त्यांनाच लवकर दिसतात. पण कॉलम नीट निवडा, जात आणि आधार मुलांसमोर उघडू नका. कोणतीही दहा नावं काढा, जनरल रजिस्टर शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवून बघा. त्या दहांत 'ळ' असलेलं एक आडनाव जरूर घ्या.